ताट आणि वाफा

१८९४ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईट शहराच्या महापौरांनी आपला आवडता घोडा लिलावात विकला. महापौरांचे नाव हेझन पिंग्री. माणूस मुळात जोडे बनवणारा कारखानदार. तरुणपणी यादवी युद्धात लढलेला, शत्रूच्या बंदिवासात राहून आलेला. आदल्या वर्षी अमेरिकेत बँका आणि रेल्वे कंपन्या धडाधड कोसळल्या होत्या. डेट्रॉईटमधले कारखाने बंद पडले होते आणि पोलंड-जर्मनीहून पोटासाठी आलेली हजारो कुटुंबे दोन वेळच्या जेवणाला महाग झाली होती. पिंग्रीसाहेबांनी साधा हिशेब मांडला. एका बाजूला रिकामे हात, दुसऱ्या बाजूला भाव वाढण्याची वाट पाहत ओसाड पडलेल्या शहराच्या कडेच्या जमिनी. मालकांनी जमीन तात्पुरती वापरू द्यावी, शहराने ती नांगरून द्यावी, आणि गरजूंनी तिच्यात बटाटे, घेवडा, सलगम पिकवून खावेत. बियाण्याला पैसे हवेत म्हणून त्यांनी शहरातल्या चर्चना वर्गणीचे आवाहन केले. साऱ्या चर्चमधून मिळून जमा झाले १३ डॉलर ८० सेंट. तेव्हा महापौरांनी घोडा विकला. त्याचे ३८७ डॉलर आले.

आयुष्याची तेहतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे असेल, पण वर्गणीचा हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. चर्चचे लोक कंजूष होते असे मी म्हणणार नाही. दारात आलेल्याला तेही वाढत असणार. पण भुकेल्याला शिजलेले अन्न देणे हा धर्म, आणि त्याच्या हाती बियाणे व जमीन देणे हा मात्र महापौरांचा विक्षिप्तपणा, असे त्यांना वाटले असावे. ही समजूत काही एकट्या डेट्रॉईटची नाही. आपल्याकडेही अन्नछत्राला देणगी मिळते, तितक्या सहज कुणाच्या विहिरीला मिळत नाही.

त्या वर्षी तीन हजारांच्या आसपास कुटुंबांनी अर्ज केले. साधारण हजारांच्याच वाट्याला जमीन आली, प्रत्येकी पाव ते अर्धा एकर. व्यंगचित्रकारांना तर आयताच विषय मिळाला; महापौरांचे नावच ‘बटाटेवाले पिंग्री’ पडले. पण पहिल्या हंगामात शहराचा खर्च झाला सुमारे ३६०० डॉलर आणि पीक निघाले त्याच्या तिपटीहून अधिक किमतीचे. पुढे न्यूयॉर्क, बॉस्टन, बफेलो, फिलाडेल्फिया या शहरांनी ही युक्ती उचलली. पिंग्री नंतर मिशिगन राज्याचे गव्हर्नर झाले. डेट्रॉईटच्या मध्यभागी ग्रँड सर्कस पार्कमध्ये आजही त्यांचा पुतळा खुर्चीत बसून शहराकडे पाहत असतो.

माझी आणि या शहराची ओळख झाली ती लेकीमुळे. डेट्रॉईटच्या वायव्येला नोव्हाय नावाचे उपनगर आहे. मोटार उद्योगातल्या नोकऱ्यांमुळे तेथे भारतीय पुष्कळ, आणि मराठी माणसेही बरीच. आम्ही आई-वडील मंडळी मे महिन्यात जातो, नातवंडे सांभाळतो, आणि ऑक्टोबरात थंडी बोचू लागली की लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन परततो. या मुक्कामात आपण मॉल पाहतो, नायगारा पाहतो. अर्ध्या तासावरचे डेट्रॉईट मात्र सहसा कुणी दाखवत नाही. लेकीच्या कार्यालयातून एकदा सेवेसाठी काही जण तिकडच्या एका शेतावर जाणार होते. ती म्हणाली, “आई, तुला खुरपं चालवता येतं ना? चल.” गेले, आणि मग त्या उन्हाळ्यात जात राहिले.

डेट्रॉईट म्हणजे एके काळची मोटारींची राजधानी. १९५० साली वस्ती साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाख एकोणचाळीस हजारांवर आली. कारखाने गेले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, मागे राहिलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि बरेचसे गरीब. रिकामी घरे पडली, जळाली, पाडली गेली. २०१३ च्या जुलैत तर शहरानेच दिवाळे जाहीर केले. देणे होते सुमारे १८ अब्ज डॉलर. काही रस्त्यांवरून जाताना एका ओळीत तीन घरे आणि आठ-नऊ गवताळ तुकडे दिसतात. तोंडातले दात पडावेत तशी ती वस्ती दिसते. मोटार नसेल तर भाजी आणायला जायचे कुठे, हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा रोजचा प्रश्न. कोपऱ्यावर दुकान असते, पण त्यात मिळतात वेफर, सोडा आणि सिगारेट.

या वस्तीत माउंट इलियट रस्त्यावर सेंट बोनाव्हेंचर नावाचा कॅपुचिन पंथाचा मठ आहे. तपकिरी झग्यांचे हे संन्यासी. ‘कॅपुचिनो’ या कॉफीला नाव मिळाले ते त्यांच्या झग्याच्या रंगावरून. या मठाच्या दारावर १९२४ पासून वीसएक वर्षे फादर सोलॅनस केसी नावाचे एक आयरिश वंशाचे धर्मगुरू बसत. अभ्यासात कच्चे म्हणून त्यांना शास्त्रार्थाची प्रवचने देण्याचा किंवा कबुलीजबाब ऐकण्याचा अधिकार दिलेला नव्हता. त्यांच्याकडे दार उघडण्याचे काम होते. १९२९ च्या महामंदीत त्या दारावर भुकेली माणसे येऊ लागली. त्यांना पाव आणि कॉफी मिळू लागली. बघता बघता रांग वाढली, आणि त्या नोव्हेंबरात कॅपुचिन सूप किचन सुरू झाले. ते आजतागायत चालू आहे. मंदी गेली, महायुद्ध झाले, कारखाने आले नि गेले. रांग काही संपली नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात शहरातल्या फोर्ड फील्ड या मोठ्या फुटबॉल मैदानात हजारोंच्या साक्षीने कॅथलिक चर्चने या दारवानाला ‘धन्य’ ही पदवी दिली. विद्वानांच्या वाट्याला क्वचित येणारा हा मान दार उघडणाऱ्याला मिळाला, याचे मला फार बरे वाटले.

मी ज्या शेतावर जात होते ते याच सूप किचनचे. नाव अर्थवर्क्स. १९९७ साली ब्रदर रिक सॅमिन या कॅपुचिन संन्याशाने त्याची सुरुवात केली. वस्तीतल्या मुलांना अन्न कुठून येते असे विचारले, तर पेट्रोल पंपावरच्या दुकानातून येते असे उत्तर मिळाले, आणि तेथून त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. एका तुकड्यावरची बाग वाढत वाढत आसपासच्या अनेक तुकड्यांवर पसरली. आता ते रीतसर प्रमाणपत्र असलेले सेंद्रिय शेत आहे. मधमाश्यांच्या पेट्या आहेत, आपल्या पॉलिहाउससारखी प्लॅस्टिकची घरे आहेत. तिथे दंव मे महिन्याच्या मध्यापर्यंत पडते आणि ऑक्टोबरात पुन्हा येते; म्हणजे उघड्यावर शेती करायला जेमतेम पाच महिने. प्लॅस्टिकखाली पालेभाज्या आणखी काही आठवडे तगतात. शहराची माती मात्र जपून वापरावी लागते. जुन्या घरांच्या रंगातले शिसे मातीत मुरलेले असते. म्हणून आधी मातीची तपासणी, आणि जिथे शंका असेल तिथे लाकडी चौकट ठोकून, चांगली माती नि खत भरून केलेले गादीवाफे. इथल्या हरितगृहात वाढवलेली रोपे शहरातल्या इतर बागांनाही जातात. अशा लहान-मोठ्या बागा डेट्रॉईटमध्ये आज दीड हजाराच्या वर आहेत.

माझ्या वाट्याला सुरुवातीला केलच्या वाफ्याची खुरपणी आली. शेजारच्या वाफ्यावर ऐंशीच्या घरातली एक आजीबाई होती. लहानपणी आई-वडिलांबरोबर अलाबामातून आलेली. वडील मोटारीच्या कारखान्यात लागले, ती शाळेच्या स्वयंपाकघरात. तिच्या वाफ्यात भेंडी पाहून मी थबकलेच. भेंडी अमेरिकेत पोचली ती आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांबरोबर. म्हणून दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या जेवणात ती घरची भाजी आहे. आम्ही दोघी कितीतरी वेळ भेंडीवर बोललो. तार सुटू नये म्हणून मी ताक किंवा आमसूल घालते, ती टोमॅटो घालते. बियाण्यासाठी पहिली भेंडी तोडायची नाही, झाडावरच वाळू द्यायची, हे मात्र दोघींनाही आपापल्या आईने शिकवलेले.

ती दुपारी सूप किचनमध्ये जेवायला जाते, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळले. तिथे जेवायला येणाऱ्याला ‘पाहुणा’ म्हणतात. मी तिला भीत भीत विचारले, की तुम्ही इथे भाजी पिकवता, मग तिथे...? ती हसली. म्हणाली, “हनी, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेन्शन संपते, तेव्हा मी पाहुणी असते. मंगळवारी सकाळी मी शेतकरीण असते. परवा माझ्याच पाल्याची भाजी माझ्या ताटात आली. मीठ कमी होतं, ते सांगून आले.”

मीठ कमी आहे असे सांगण्याचा अधिकार! अन्नदानाच्या पंगतीत बसलेल्या माणसाला हा अधिकार नसतो. तिथे ताट समोर येते, आणि ते मुकाट्याने संपवून हात जोडायचे असतात. वाफ्यात खपलेली बाई मात्र स्वयंपाकघरात जाऊन सुनावू शकते. कारण त्या ताटात तिचेही काही आहे.

माझे वडील पुण्यात वारावर जेवून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यांच्या पिढीतल्या अनेकांनी तसेच दिवस काढले. अन्न चांगले मिळे, कुणी टाकून बोलत नसे. तरी ते म्हणत, की सर्वांत गोड जेवण शुक्रवारचे. त्या घरचा मुलगा गणितात कच्चा होता आणि वडील जेवणाआधी त्याची उदाहरणे सोडवून घेत. शुक्रवारी पाटावर बसताना मान वर असे. अन्न तेच, वरण-भातच. पण इतर सहा दिवसांचे ते आयुष्यभर ‘उपकार’ म्हणून सांगत आणि शुक्रवारचे ‘माझा वार’ म्हणून.

बायबलच्या जुन्या करारात शेतकऱ्याला आज्ञा आहे, की शेताचे कोपरे कापू नयेत आणि खाली पडलेले वेचू नये. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावे. आपल्या खेड्यांत याला नेमका शब्द आहे, ‘सरवा’. बाजरीची, भुईमुगाची काढणी झाली की गावातल्या गरीब बाया सरवा वेचायला यायच्या आणि शहाणा शेतकरी तिकडे काणाडोळा करायचा. सरवा ही भीक नव्हे. वाकून, वेचून, पदरात घालून नेलेले ते धान्य असते. डेट्रॉईटमध्ये १९७७ साली निघालेल्या मोठ्या फूड बँकेचे नावही ‘ग्लीनर्स’, म्हणजे सरवा वेचणारे, असेच आहे.

‘फूड बँक’ या शब्दाचेही मला, अर्थातच, कुतूहल होते. ही कल्पना ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स गावची. जॉन व्हॅन हेंगल नावाचा एक निवृत्त माणूस तिथल्या चर्चच्या अन्नगृहात सेवा करी. दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या पेट्यांतून खाण्याजोगे अन्न वेचून मुलांना जगवणारी एक आई त्याला भेटली. टाकले जाणारे अन्न बँकेत पैसे ठेवतात तसे कुठेतरी जमा करता यावे आणि गरजूंना तेथून काढून नेता यावे, असे तिने सुचवले. १९६७ साली तिथल्या सेंट मेरीज चर्चने एक पडीक इमारत आणि ३००० डॉलर दिले, आणि जगातली पहिली म्हणतात ती फूड बँक उभी राहिली. कचऱ्याची पेटी धुंडाळणाऱ्या बाईने बँकेची कल्पना द्यावी! आमच्या प्रशिक्षण केंद्रांत हा धडा कधी शिकवला गेला नाही.

आता या बागांनी शहराचे पोट भरते का? भरत नाही. हिशेब स्पष्ट ठेवलेला बरा. केल, टोमॅटो आणि भेंडीवर माणूस जगत नाही. त्याला भाकरी लागते, डाळ लागते, दूध लागते. अमेरिकेतल्या गरिबाचे पोट मुख्यतः भरते ते सरकारच्या ‘स्नॅप’ या अन्नसाहाय्यावर. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथले केंद्र सरकार अंदाजपत्रकाच्या वादात ठप्प झाले, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे चार कोटी वीस लाख लोकांची ही मदत अडकली, आणि देशभरच्या अन्नगृहांपुढे रांगा वाढल्या. अशा वेळी वाफा काय करणार? बी पेरल्यापासून भाजी हाती यायला दीड-दोन महिने लागतात आणि भूक संध्याकाळी लागते. त्या दिवशी ताटच हवे, आणि ते वाढणाऱ्या मठांना, चर्चना हात जोडलेच पाहिजेत.

मात्र सरकारी मदत आणि शेतकरी यांची गाठ घालून देणारी एक योजना मला फार पटली. तिचा आरंभ २००९ साली डेट्रॉईटच्याच बाजारांतून झाला. स्नॅपचे कार्ड घेऊन शेतकरी बाजारात गेले आणि दहा डॉलर खर्च केले, की फळे-भाज्यांसाठी आणखी दहा डॉलरची कुपने मिळतात. गरिबाच्या पिशवीत दुप्पट भाजी, आणि तो पैसा जवळच्या शेतकऱ्याच्या गल्ल्यात. एका रुपयाने दोन ठिकाणी काम करावे, असे आम्ही कर्जप्रकरणांत नुसते लिहीत आलो. इथे ते होताना दिसते.

तरी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती पिंग्रीसाहेबांच्या हिशेबातच दडलेली होती. त्यांनी जमीन मागितली ती ‘तात्पुरती’. पुन्हा बरे दिवस आले, जमिनींना भाव आला, आणि ते बटाट्याचे वाफे नाहीसे झाले. पहिल्या महायुद्धात पुन्हा बागा निघाल्या, युद्ध संपताच मिटल्या. १९३० च्या मंदीत डेट्रॉईटनेच ‘काटकसरीच्या बागा’ काढल्या, त्याही सरल्या. दुसऱ्या महायुद्धात देशभर दोन कोटींच्या आसपास ‘विजयबागा’ होत्या आणि भाजीपाल्याचा मोठा वाटा त्यांतून येत होता. शांतता झाली आणि त्यांवर घरे उठली. १९७० च्या दशकात कोलमन यंग या महापौरांनी ओसाड तुकड्यांवर शेती करा म्हणून बियाणे वाटले. तीही योजना कालांतराने आटली. संकट आले की गरिबाच्या हाती जमीन द्यायची, आणि त्याने ती कसून काळीभोर केली की परत घ्यायची, असा सव्वाशे वर्षांचा शिरस्ता.

मी ग्रामीण शाखेत होते तेव्हा एक बाई यायची. ओढ्याकाठी दुसऱ्याच्या बांधावर मेथी-कोथिंबीर लावायची. उन्हाळ्यात पाणी ओढायला छोटे इंजिन हवे होते, त्यासाठी कर्ज मागत होती. नियमाप्रमाणे मी विचारले, “सातबाऱ्याचा उतारा आहे का?” ती म्हणाली, “उतारा आसता तर तुमच्या दारात कशाला आले आसते, ताई?” भाजी तिची, घाम तिचा, बाजारातले गिऱ्हाईक तिचे, पण कागदावर ती कुठेच नव्हती. बँकेच्या भाषेत तिला ‘पत’ नव्हती. मराठीत पत या शब्दाला दोन अर्थ आहेत, कर्ज मिळण्याची ऐपत आणि समाजातली अब्रू. दोन्ही एकाच कागदावर अवलंबून असाव्यात, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा टोचले.

डेट्रॉईटमध्ये हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत दिसते. २०१२ च्या डिसेंबरात नगर परिषदेने शहराच्या पूर्व भागातले सुमारे दीड हजार भूखंड, प्रत्येकी तीनशे डॉलरच्या आसपास भावाने, एका श्रीमंत वित्त-व्यावसायिकाला झाडे लावण्यासाठी देण्याचा ठराव पाच विरुद्ध चार मतांनी संमत केला. आजूबाजूच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. शेजारचा तुकडा आम्हाला का मिळू नये, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरीकडे, २००६ साली स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची एक अन्नसुरक्षा संस्था आहे. मलिक याकिनी हे तिचे एक संस्थापक. तिने रूज पार्क या मोठ्या उद्यानात शहराकडून दोन एकर जमीन मिळवली. मुदत दहा वर्षे, भाडे वर्षाला एक डॉलर. तेच डी-टाउन फार्म पुढे सात एकरांचे झाले. एक डॉलर भाडे ऐकून कौतुक वाटते, पण बँकवाल्याची नजर ‘दहा वर्षे’ या शब्दांवर जाते. अकराव्या वर्षी काय?

म्हणूनच २०२० साली तिथल्या शेतकऱ्यांच्या तीन संस्थांनी मिळून एक निधी काढला. त्यातून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना, ते कसत असलेली जमीन विकत घेण्यासाठी मदत मिळते. उधारीची जमीन नावावर करून घेण्याची ही खटपट. माझ्या भेंडीवाल्या आजीबाईंनीही घरालगतचा ओसाड तुकडा शंभर डॉलर भरून घेतला आहे. शहराने भूखंड सांभाळायला आणि विकायला जी संस्था काढली आहे तिचे नावही ‘लँड बँक’! तो कागद तिने मला दाखवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, बायबलच्या पानांत जपून ठेवलेला. अलाबामात तिच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवला. त्या घराण्याच्या नावावरची ही पहिली जमीन.

आणि चर्च? १३ डॉलर ८० सेंटपाशी त्यांची गोष्ट संपत नाही. चर्चकडे स्वयंपाकघर असते हे सर्वांना दिसते; चर्चकडे जमीनही असते, आणि ती त्याच्या स्वतःच्या नावावर असते, हे डेट्रॉईटपासून दूर, बाल्टिमोर शहरातल्या एका तरुण धर्मगुरूने ओळखले. रेव्हरंड हेबर ब्राउन हे तेव्हा तिथल्या प्लेझंट होप बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर होते. आजारी भाविकांना भेटायला ते दवाखान्यांत जात, आणि पुष्कळांचे दुखणे आहाराशी जोडलेले असे. ताजी भाजी विकत घ्यायची तर ती आवाक्याबाहेरची. मग त्यांनी चर्चच्या अंगणातले सुमारे पंधराशे चौरस फुटांचे हिरवळीचे तुकडे खणले आणि भाजी लावली. २०१५ साली पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेल्या फ्रेडी ग्रे या तरुणाच्या मृत्यूनंतर बाल्टिमोर पेटले, वस्तीतली दुकाने बंद झाली, तेव्हा अन्नासाठी लोकांनी या चर्चकडे धाव घेतली. त्यातून चर्चच्या जमिनी आणि कृष्णवर्णीय शेतकरी यांना जोडणारे एक जाळे उभे राहिले. चर्चने आपल्या अंगणात वाफा दिला, तर तेथून उद्या कुणी बिल्डर येऊन बागवाल्यांना उठवू शकत नाही, ही त्यातली ग्यानबाची मेख.

परत आल्यावर मैत्रिणी विचारतात, की अमेरिकेत गरिबी असते का गं? असते; आणि तिच्यापुढे तिथली भली माणसे आपल्यासारखीच गोंधळलेली असतात. वाढदिवसाला, पुण्यतिथीला अन्नदानाची पावती फाडणारी आपण माणसे काही वाईट करत नाही. ताट थांबवावे असे कुणीच म्हणू नये. पण आपल्याकडच्या देवस्थानांनाही नुसती स्वयंपाकघरे नाहीत, जमिनीही आहेत. शहरातल्या ट्रस्टांच्या, शाळांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणांत गवत माजलेले कोपरे आहेत. त्या कोपऱ्याच्या पलीकडेच एखादी वस्ती असते, आणि तिथे गावाकडून आलेली, मातीत हात घालायला आसुसलेली एखादी म्हातारी असते. पुढच्या वेळी देणगीची पावती घेताना विश्वस्तांना एवढेच विचारून पाहावे, की पंगतीत बसणाऱ्यांपैकी कुणाला आपण एक वाफा देऊ शकतो का. आणि दिला, तर किती वर्षांसाठी, आणि कुठल्या कागदावर.